आजचा भाव

रुवैसच्या कॅम्पात, क ब्लॉक, खोली चौदा.
रात्रपाळी सुटल्यावर पहाटे साडेपाचला
चहाच्या पातेल्याभोवती संसद भरते.
सभापती कोणी नाही. ज्याचा घसा मोठा, त्याचा मुद्दा.

पलटणीत राजकारण बोलायला बंदी होती.
सतरा वर्षं मीही बोललो नाही.
बातम्या लागल्या की ताटात बघायचं.
मतपत्रिका टपालानं यायची,
एकदा तर निकालानंतर आली, मी ती तरीही भरली.
आता वर्दी दुसरी, खिशावर कंपनीचा बिल्ला,
बंदुकीच्या जागी टॉर्च आणि नोंदवही,
आणि इतक्या वर्षांचं मिटलेलं तोंड
एकदम मोकळं सुटलेलं, अशा मुलखात
जिथं आमच्या मताला पेटीच नाही.

सुभेदार हिंदुराव इंगवले मांडीवर थाप मारतात,
"पेन्शन कुणी वाढवली? नाव घ्या, नाव!"
हवालदार सदाफुले फुंकर घालून घोट घेतो.
"वाढली, साहेब. मग आपण दोघं पन्नाशी उलटल्यावर
दुसऱ्याच्या टाक्या का राखतोय?"
"राखण्यात कमीपणा नाही."
"कमीपणा कोण म्हणतंय? मी हिशेब म्हणतोय."

मग डिझेल निघतं. डिझेलवरून नेहमीच पेटतं.
केंद्राचा कर किती, राज्याचा किती,
कुणाच्या काळात किती होतं.
ज्या तेलावरून भांडण, ते रात्रभर
आमच्याच गेटच्या आत झोपलेलं असतं.
जहाजात चढतं तेव्हा मी वहीत वेळ लिहितो,
दोन वाजून दहा.
पुढं वाटेत त्याला काय काय चिकटतं
ते आमच्या वहीत येत नाही.

पाटणकर या वादात पडत नाही.
त्याचा पोरगा चार वर्षांच्या भरतीसाठी पळतोय,
सोळाशे मीटर, पाच मिनिटं चाळीस.
"दहा सेकंद कमी करू दे त्याला," म्हणतो,
"मग ठरवतो कुणाला शिव्या द्यायच्या."

कोपऱ्यातून रेशमबहादुर पुन, पूर्वीचा गोरखा,
साखर ढवळत हळूच बोलतो,
"तुमचा रुपया पडला की आमचाही पडतो.
एका दोरीला बांधलेत दोघं.
आम्हाला कुठं मत विचारलंत?"
यावर कोणत्याच पक्षाकडे उत्तर नसतं.
सुभेदार त्याच्या पेल्यात आणखी चहा ओततात.

शुक्रवारी दुपारी फोन वाजले, एकामागून एक.
रुपया घसरला.
दिरहमला गेल्या महिन्यापेक्षा चौसष्ट पैसे जास्त.
मजबूत रुपयाची रोज शपथ घेणारे इंगवले
चपला घालून सगळ्यांच्या आधी दारात.
देश बुडणार असं तीन वर्षं सांगणारा सदाफुलेही निघाला,
खरं ठरल्याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसेना.
बस भरून आम्ही बाजारात गेलो.

एक्स्चेंजच्या रांगेत उंचीप्रमाणे उभे राहिलो,
कुणी सांगितलं नव्हतं.
काचेपलीकडची मल्याळी बाई नोटा मोजत होती.
सुभेदारांनी वाकून विचारलं,
घरातल्या कुणाचा ताप विचारावा तसं,
"आणखी पडेल का?"
ती म्हणाली, "उद्या या."
ते थांबले. निम्मे पैसे भरले,
निम्मे परत आतल्या खिशात ठेवले
आणि खिशाला टाचणी लावली.

परतीच्या बसमध्ये कुणी पक्षाचं नाव काढलं नाही.
रात्री गेट सातवर, जळत्या चिमणीच्या उजेडात,
सुभेदार सदाफुलेजवळ येऊन उभे राहिले.
"रुपया पडला म्हणून मला बरं वाटलं,
हे गावात कुणाला सांगू नकोस."
"वाटलं का, साहेब?"
"चौसष्ट पैशांचं वाटलं."
आणि माझ्याकडे वळून
टॉर्चचे नवे सेल मागितले.