केस बुडतील इतकंच

दारावरची पाटी माझीच.
सोळा वर्षांपूर्वीची. वर कन्नड, खाली मराठी,
निळ्यावर पांढरं : मनोरोग विभाग.
तेव्हा आत कोण बसतं, विचारलं नव्हतं.
फुटावर पैसे मोजून घेतले,
शिडी सायकलला बांधून वडगावला परत आलो.

आता दर गुरुवारी त्याच पाटीखालून आत जातो.
आत लांब टेबल. निपाणीची यल्लूबाई,
चाळीस वर्षं विड्या वळून बोटं तशीच राहिलेली;
मातीच्याही विड्याच वळते, पंचवीसचा कट्टा बांधते,
मोडते, हसते.
कॅम्पातले एक निवृत्त हवालदार झाड काढतात,
पानं सगळी रांगेत, सावधान.
खानापूरची एक पोरगी काळ्या खडूने कागद भरते,
कागद फाटेपर्यंत.
तिला कुणी थांबवत नाही.

हिरेमठ मॅडमचं मराठी धारवाडहून आलेलं :
"तुमचा कागद रिकामी आहे. राहू दे. परवागिल्ल."
तीन गुरुवार राहिला.
चौथ्याला मी दोन रेघा मारल्या, एक वर, एक खाली.
पाटी लिहिणाऱ्याला दुसरं काय येणार?
"अक्षर नको," मॅडम म्हणाल्या. "नुसता रंग. बोटाने."

बोटाने!
तीस वर्षं रेघेबाहेर गेलेला थेंब
मी नखाने खरवडला.
दोन्ही लिप्यांत हात कधी हलला नाही.
खालची ओळ पुसा म्हणाले,
ती पुसतानाही नाही.

हलला एकदाच.
खासबागेतला गाळा ठरला होता,
पाटी पोराच्या दुकानाची, लालमध्ये.
'सुयश मोबा' इथपर्यंत आलो
आणि हत्तरगीच्या टोलनाक्यावरून फोन आला.
तो ब्रश मी धुतला नाही.

पिवळ्यात बोट बुडवलं. गार, दह्यासारखं.
कागदावर ठेवलं, आणि ठेवूनच राहिलो.
मग सगळा तळवा.
तीन वर्षांचा असताना सुयश असाच
ओल्या पाटीवर हात टेकून उभा होता.
कुठल्याशा पिठाच्या गिरणीची पाटी.
मी ओरडलो. पुसली. पुन्हा रंगवली, सफाईने.
एवढा सफाईदार माणूस मी.

हे तिथे बोललो नाही. कुणी विचारलंही नाही.
यल्लूबाईने मातीची एक विडी माझ्या पुढ्यात ठेवली,
"घ्या, ओढा," म्हणाली.
हवालदारांनी खिडकी उघडली.
पोरीने खडू ठेवून माझ्या पिवळ्याकडे बघितलं,
परत काळाच उचलला.

घरी बायको म्हणाली, "काय केलासा आज?"
मी हात पुढे केला. नखांत पिवळं.
तिने धरला.
धुवायला काही सांगितलं नाही.

माळ्यावरची पाटी खाली घेतली नाही.
एवढ्यात घेणारही नाही.
खरं, फडताळातला तो ब्रश काढला.
दगड झालाय,
पुढच्या 'ई'चा लाल तसाच केसांत.
वाटीत घासलेट ओतलं, केस बुडतील इतकंच.

राहू दे रात्रभर.
सुटेल, नाही सुटणार.
सकाळी बघू की.