फेब्रुवारीतल्या किल्ल्या

फेब्रुवारीत वाल्पाराइसोची आमची अर्धी टेकडी दक्षिणेला जाते,
तळ्यांकडे, मावश्यांकडे, हप्त्यांवर घेतलेल्या तंबूंत राहायला,
आणि किल्ल्या माझ्याकडे येतात.

बत्तीस वर्षं मी जहाजांवर बटाटे सोलले.
पेन्शन येते ती गुडघ्यांच्या गोळ्यांपुरती.
म्हणून हे काम.
हिरवा दोरा कासवाचा, निळा मांजराचा, लाल कुत्र्याचा.
पायऱ्या एकूण चारशे बारा. त्या कुणी हिशेबात धरत नाही.

कासवाचं नाव नोटरी. कुणी ठेवलं ठाऊक नाही,
पण बरोबर ठेवलंय.
कोण गेलं, कोण आलं, त्याला काही नाही;
कोबीचं पान पुढे केलं की मान बाहेर,
संपलं की आत.

मांजर मी पाहिलेलं नाही.
फ्रिजवरच्या चिठ्ठीत ते आहे :
फिलोमेना, वय नऊ, डाव्या कानाला खाच,
अनोळखी माणसांसमोर जरा लाजते.
जरा!
अकरा दिवस झाले. वाटी रिकामी होते,
वाळू उकरलेली असते,
उशीवर एक कोमट खळगा.
माझी आई याहून कमी पुराव्यावर देव मानायची.
मी पलंगाशी खुर्ची ओढतो
आणि खालच्या अंधाराला पाण्याचं बिल वाचून दाखवतो,
आकडे सावकाश, दंडाची रक्कम आणखी सावकाश.
निरोप येतो : एवारिस्तो, तिचा एक फोटो पाठवा ना.
मी रिकाम्या वाटीचा पाठवतो.
उलट तीन बदाम येतात, लाल.

बोतोनची चिठ्ठी दोन पानांची.
गोळी चीजमध्ये लपवून. बोटीचा भोंगा झाला तर रेडिओ मोठा.
सोफ्यावर बसू देऊ नये
(हे वाचताना तो सोफ्यावरूनच माझ्याकडे बघत होता).
मिरेया दातांच्या दवाखान्यात काम करते,
अक्षर बारीक, स्वच्छ, एकही फट नसलेलं.

सव्वासहाला तो उठतो.
आधी पुढचे पाय, मग बराच वेळ विचार, मग मागचे.
दारापाशी जाऊन तिरका उभा राहतो, कान देऊन,
झाकणाखालचा भात ऐकावा तसा.
खाली ट्रॉलीबस थांबते. चपला वर येतात,
आमच्या दारावरून पुढे जातात.
पुढची बस. पुढच्या चपला.
सातला तो बसतो; बसतो म्हणजे
स्वतःला थोडं थोडं करून फरशीवर सोडतो.

हे चिठ्ठीत नाही.
कुठून असणार?
तो वाट बघतो तेव्हा ती नसते,
ती येते तेव्हा वाट बघणं संपलेलं असतं.
चौदा वर्षांत तिने पाहिली ती फक्त शेपटी.

चौथ्या दिवशी मी सहाला बाहेर पडलो,
कोपऱ्यावर दोन पाव घेतले,
बस गेल्यावर पायऱ्या चढून आलो,
किल्ली दोनदा फिरवली.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
माझ्या मागे पाहिलं.
मग पुन्हा माझ्याकडे, आणि शेपटी एकदा,
एकदाच हलवली,
चुकून आलेल्या पाहुण्याला आपण खुर्ची देतो तशी.

रविवारी ती येईल, नाक उन्हाने सोललेलं, हातात मधाची बाटली.
विचारेल : त्रास नाही ना दिला?
वहीत लिहिलंय : जेवला. झोपला. गोळी घेतली, चीजशिवाय.
त्याखाली एक ओळ मी दोनदा लिहिली,
दोनदा पान फाडलं.
पेनाचा दाब खालच्या पानावर उमटलाय.
उजेडात तिरकं धरलं तर वाचता येईल.

सहा वाजत आले.
पाव आहेत घरात,
तरी आणायला निघतो.