हरवलेला सूर्य

गोकुळपेठेत कूलर-दुरुस्तीच्या दुकानावर माझी खोली.
खाली पत्रा ठोकतात,
वर मी पानं पिसते.
पिसणं बाबांकडून आलं. ते रमीत हरायचे,
पण हात असा, की जिंकणाराही बघत बसायचा.
तेवढं एक त्यांनी गहाण टाकलं नाही.

अठ्ठ्याहत्तर पानं, कडा मऊ झालेल्या.
प्रश्न मोठ्याने विचारू नका, मी सांगते,
तो तुमच्या नखांवर दिसतोच.
डाव्या हाताने काटा. उजवा फार हिशेबी असतो.
पान उलटं आलं तर घाबरायचं नाही :
उलटं पान म्हणजे तीच गोष्ट,
जिन्याखाली उभं राहून ऐकलेली.

पुस्तकात लिहिलंय, सूर्य म्हणजे आनंद.
घोड्यावर उघडं पोर, मागे सूर्यफुलं.
लिहिणारा थंड गावचा असणार.
सत्तेचाळीस अंशांत, भर दुपारी, व्हरायटी चौकात
तापल्या सीटवर सिग्नलला थांबून बघावं त्याने.
माझ्याकडे सूर्य निघाला की मी म्हणते,
जे करायचं ते सकाळी नऊच्या आत उरका,
आणि खिशात कांदा ठेवा.
लोक हसतात. पण ठेवतात.

मागच्या मे महिन्यात तोच गेला.
खालच्या रज्जूने कूलरला नवी मोटर बसवली,
"आता हवा पाहा मॅडम!" म्हणाला,
आणि पहिल्याच झोतात आठ पानं उडाली.
सात सापडली.
सूर्य खिडकीतून नाल्याकडे गेला.
नागपुरात, मे महिन्यात, सूर्य हरवला म्हणून
मी कुठे तक्रार देणार होते?

मग एका लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापला,
हळदी रंगाने गोल काढला,
पाठीला निळा कागद डकवला, बाकीच्यांसारखा.
डोळ्याला कळत नाही, अंगठ्याला कळतं.
पिसताना दर वेळी तो लागतो,
भातात खडा लागावा तसा.
म्हणजे आता मनात आणलं
तर मी कोणालाही सूर्य देऊ शकते.
हे कोणाला सांगितलं नाही.
केलंही नाही. एकदा सोडून.

कुमुद निमजे मेडिकलमधून सरळ आल्या होत्या.
हातात डबा, डब्याला वॉर्डाचा वास.
माझा नियम असा : आजार नाही, कोर्ट नाही, लॉटरी नाही.
"नियम राहू द्या," त्या म्हणाल्या,
"माझा माणूस वाचते का, एवढं वाचा."

पहिलं पान, उलटा टांगलेला.
"सलाइनसारखा," त्याच म्हणाल्या.
दुसरं, पाच पेले, तीन सांडलेले.
त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत.
तिसऱ्याला अंगठा खड्यावर आला
आणि सरकला नाही.
मी सरकवला नाही.

मी काही सांगणार तोच
उन्हाने सुटलेला निळा कागद
त्यांच्या बोटाला चिकटून निघाला.
आत छापलेलं होतं, अर्धं कापलेलं :
"...ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं!"
त्यांनी ते दोनदा वाचलं, ओठ हलवत.
पिवळ्या गोलाकडे पाहिलंही नाही.
"कोणाचं लग्न हो?"
मला आठवेना.
"झालं का पण?"
"झालं."
"नांदते ना पोरगी?"

पंधरा वर्षं मी पानं वाचते.
एवढ्या खात्रीने आजवर काही सांगितलं नव्हतं :
"नांदते."

त्या उठल्या. डोक्यावर पदर, चारचं ऊन.
पैसे मी घेतले नाहीत, म्हणून कमरेचा कांदा काढून
टेबलावर ठेवून गेल्या.
तो माणूस वाचला का, मला माहीत नाही.
मेडिकलच्या बसचा नंबरही मी कधी पाहिला नाही.

कांदा मी पानांच्या डब्यातच ठेवला.
आता गिऱ्हाईक विचारतं, वास कसला येतो?
मी म्हणते, काटा. डाव्या हाताने.