तीन मिनिटं

माझं काम दिव्याचं.
साक्षीदार उभा राहिला की हिरवा,
शेवटचं मिनिट उरलं की पिवळा,
वेळ संपली की लाल.
साउथ डकोटाच्या विधानभवनात बत्तीस वर्षं,
एकदाही चुकले नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार. बाहेर उणे एकवीस.
विधेयक साधंच होतं:
अठराच्या आतल्या पोरांनी गाडी चालवताना
फोनला हात लावायचा नाही.
सापडलं तर दंड, वर परवाना महिनाभर जप्त.

मिसुरीपलीकडचे आमदार हॉल्व्हर्सन म्हणाले,
आमच्याकडे चौदाव्या वर्षी पोरं पिकअप चालवतात,
शेजारी सात मैलांवर,
हिमवादळात अडकलं पोर तर हाक कुणाला मारेल?
मुद्दा खोटा नव्हता.

मग लॉर्ना त्वेट उभी राहिली.
कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली.
मी हिरवा लावला.

पाऊण मिनिट ती बोललीच नाही.
मग म्हणाली,
ब्रिटा सोळाची होती, हे तुमच्या कागदात आहे.
विजेचा खांब होता, तेही आहे.
फोन तिच्या हातात होता, तेही.
कागदात नाही ते सांगते.
मेसेज माझा होता.
कुठे पोचलीस?
एवढंच.
वाचल्याची खूण उमटली,
आणि मी निर्धास्त होऊन
शेगडीवरचं सूप ढवळायला उठले.

पिवळा कधी लावला, आठवत नाही.

कायदा करा, ती म्हणाली, जरूर करा.
पण तो फोन धरणाऱ्या हातापुरता आहे.
दुसऱ्या टोकाच्या हाताला
किती दंड लावाल?

कुणी काही लिहून घेतलं नाही.
हॉल्व्हर्सननी चष्मा काढून टायनं पुसला.
माझं बोट लाल बटणावर होतं,
ते तिथेच राहिलं.
चार मिनिटं दहा सेकंद.
नोंदवहीत मी तीनच लिहिली.

त्या रात्री सोरेन, माझा नातू,
बास्केटबॉलच्या सरावाहून यायचा होता.
परवाना मिळून त्याला अकरा दिवस.
सव्वाआठ. साडेआठ.
अंगठा आपसूक अक्षरांकडे वळला.
कु
एवढंच उमटलं. पुसलं.
फोन पिठाच्या डब्यात ठेवून घट्ट झाकण लावलं
आणि स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत बसले,
जिथे वळणावरून गाडी आली
की उजेडाचा पट्टा सरकतो.

भिंत बराच वेळ
नुसती भिंत होती.