विहीर

निपाणीहून खानापूर, तिथून जांबोटीकडं वडाप,
मालूअक्काच्या मांडीवर कुंद्याचा डबा.
रिकाम्या हातानं जायचं कसं, म्हणाली,
जणू मालिकेतली मृदुला दारात उभीच असणार.

दार तेच. निळं.
शूटिंगवाल्यांनी रंगवलं आणि तसंच ठेवून गेले.
पण विहीर?
जिच्या काठावर मृदुला तीन आठवडे उभी होती,
आज उडी मारणार, उद्या मारणार,
आणि अक्काच्या सुपातल्या विड्या
तेवढे दिवस हजाराच्या आतच राहिल्या.

परसात नुसतं अळू.
"बावी इल्ल," म्हणाली घरची निंगव्वा,
मग आमच्याकडं बघून मराठीत आली,
"नव्हतीच की ओ. फळ्या होत्या, रंगवलेल्या. ह्ये बघा."
खुराड्याच्या छपरावर
दगडांचं चित्र, दगडांवर शेवाळाचंही चित्र,
आणि वर खराखुरा कोंबडा.

मालिका तिनं बघितलीच नव्हती.
त्यांच्यात आठ वाजता दुसरी लागते, कन्नडमधली,
तीत पण एक बाई रडते.
"ती पण उडी मारतीया?"
"न्हाई. नवऱ्याला ढकलतीया."
अक्का इतकी हसली
की पदर तोंडात कोंबावा लागला.

तिघींनी मिळून डबा संपवला.
निघताना अक्का एकटीच परत मागं गेली,
खुराड्यापाशी वाकली,
एका दगडाचा पोपडा नखानं काढला
आणि कनवटीला लावला.

वडापमध्ये बराच वेळ गप्प.
खानापूरचा फाटा आल्यावर म्हणाली,
पाणी किती खोल वाटायचं, न्हाई?