हातोदची गोफ मंडळी

पाडव्याला पंचायतीच्या खोलीतून पाइप निघतो.
ट्रॅक्टरच्या चाकात सिमेंट ओतून
बळवंतराव लांभात्यांनीच तो रोवलेला,
वर कडी, कडीला आठ सुती पट्टे:
दोन पिवळे, दोन जांभळे,
बाकीचे धुऊन धुऊन आता कुठल्याच रंगाचे नाहीत.
माझा पूर्वी हिरवा होता.

आठ माणसं लागतात. सातांत जमत नाही.
पोरं पीथमपूरला, पाळ्यांवर,
म्हणून तीन वर्षांपासून आम्ही बायकाही चाळ बांधतो
आणि हे पुरुषांचंच काम
असं आजोबांकडून ऐकत आलेले बळवंतराव
ढोलकीवर थाप देतात
आणि नजर पाइपाच्या टोकावर ठेवतात.
एक आतून, एक बाहेरून.
मान खाली.
पट्टा सैल सोडायचा नाही.
एवढंच शास्त्र.

मग उन्हाळाभर टेम्पो.
बेटमा, सांवेर, राऊला कुणाची तरी मुंज,
मल्हारगंजातली एक वरात,
तिथे बँडवाल्यांनी आमची ढोलकी गिळून टाकली.
अहिल्या जयंतीला राजवाड्यासमोर आमचा सातवा नंबर,
माइकवरचा गडी ओरडला,
"अब देखिए, हातोद का गरबा ग्रुप!"
सुलभा फणसे दातांतल्या दातांत म्हणाली, हसा.
हसलो.
रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना
चाळ पायातच राहिलेले,
एक लहान पोरगा वाकून वाकून बघतो,
"घोड़ा कहाँ है?"

देवासला मात्र वेगळंच झालं.
गोफ चांगला हातभर उतरला होता,
घट्ट, धामणीच्या पाठीसारखा,
आता थांबायचं, वळायचं,
आल्या वाटेनं उलटं जायचं,
इतक्यात सायरन. पाहुणे आले.
एका कार्यकर्त्यानं पाइपच आडवा केला.
"हो गया, हो गया, धन्यवाद।"

बळवंतराव काही बोलले नाहीत.
पाकिटातले दोन हजार शंभर मोजले,
परत मोजले.

टेम्पोत पाइप आमच्या सगळ्यांच्या मांडीवर.
ओजस मोबाइलच्या उजेडात
नखानं पट्टे सोडवू पाहत होता.
एक सुटला की दुसरा आवळायचा.
क्षिप्रा गेली, मांगलिया गेलं,
तेव्हा पुढच्या सीटवरून आवाज आला:
राहू दे. पायांनी विणलंय ते.

दीड वाजता दूध डेअरीसमोरच्या फरशीवर
आम्ही तो उभा केला.
किशोर नाक्यावरच उतरला होता, त्याची बस सुटली असती.
सात.
त्याचा पट्टा वाऱ्यावर नुसता लोंबत होता.

बळवंतरावांनी ढोलकी पायरीवर ठेवली,
चपला काढल्या,
जांभळा पट्टा मनगटाला एक वेढा देऊन धरला.
ठेका नाही. टिपऱ्या आणि चाळ, तेही हळू,
गाव झोपलेलं.
उलटी पावलं टाकायची म्हणजे
विणताना जो शेवटी गेला तो आधी परततो,
हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं,
आणि चौथ्या फेरीला तेच आतून गेले,
जायचं होतं बाहेरून.

सगळे थांबलो.
समोर मी.
तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी
पाइपाचं टोक सोडून माझ्याकडे पाहिलं.
"इकडून का?"
"तिकडून, काका."
एक पाऊल मागे घेतलं त्यांनी.
मग परत चालू.

हातभर सुटायला बराच वेळ लागला.
एक कुत्रं येऊन बसलं, तेवढाच प्रेक्षक.
शेवटचा पीळ कडीपाशी सुटला तेव्हा
आठही पट्टे सरळ खाली आले,
म्हणजे सरळ नाही,
विणीच्या वळ्या राहिल्याच त्यांच्यावर,
वेणी सोडलेल्या केसांसारख्या.
सुलभा म्हणाली, इस्त्री करू.
बळवंतराव म्हणाले, नको.

त्यांनी पट्टे गुंडाळले,
माझा थोडा वेळ बोटांत धरून पाहिला, डेअरीच्या दिव्याखाली,
हा हिरवा होता ना, म्हणाले.

रविवारी परत बेटमा.
किशोरला रजा नाही.
आठ लागतात.