खातेफोड

ग्वायाकीलच्या खाडीत, ऊन उतरताना
होडी खारफुटीला बांधून
एउदोसिया ओराला मोजायला बसते.
मांडीवर वही,
नखांत खेकड्यांच्या बिळांचा चिखल.
कोरड्या रानातून पोपट झोपायला येतात,
जोडीजोडीनं.
बे एके बे, बे दुणे चार,
मध्येच एखादा सुटा येतो
तेव्हा पेन्सिल जराशी अडते.

तिकडे समुद्रापलीकडच्या संग्रहालयात
खण ओढला की डांबरगोळ्यांचा वास.
कापूस भरून उताणे निजवलेले,
पायाला चिठ्ठी :
गाव, तारीख, कुणी मारला.
एकानं पट्टी लावली चोचींना.
मेक्सिकोकडच्या भावांच्या चोचीत पिवळं,
ह्यांची काळी, टोकापर्यंत.
कपाळावर लाल, टाळूवर फिकट जांभळे खवले.
रक्ताचीही साक्ष काढली,
आणि लिहिलं, हे वेगळे.

झाली खातेफोड.
कालपर्यंत मोठ्या गोतावळ्यात धरलेले,
कुणाला घोर नव्हता.
आज वेगळी चूल मांडली
तर पानं वाढावीत एवढेच निघाले.
त्या दिवशी एकही पोपट मेला नव्हता.

विद्यापीठातली माइते ही बातमी घेऊन आली.
म्हणाली, आता त्यांना स्वतःचं नाव मिळालं.
एउदोसिया खेकडे दोरीत ओवत होती.
"मग इतकी वर्षं
मी कुणाचे मोजत होते?"
माइते हसली, आणि मग हसली नाही.
रानातले सेइबो कुणी तोडले,
पिल्लं किती डॉलरला जातात,
ह्याबद्दल दोघी थोडं बोलल्या.
चुलीमागच्या पिंजऱ्याबद्दल
कुणीच काढलं नाही.

तिथला एक.
देल्फिननं आणला होता, पंख कातरून,
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.
देल्फिन बुडाला त्याला अकरा वर्षं झाली.
हा अजून हाक मारतो,
"एउदो, कॉफी!"
तोच घोगरा घसा,
शेवटी तोच खोकला.
संध्याकाळी छपरावरून थवा जातो
तेव्हा मात्र गप्प होतो,
मान तिरकी करून.

आज एकशे तेरा.
वहीत खाली वाऱ्याची दिशा, भरतीची वेळ.
घरचा धरला नाही,
त्याला रकाना नाही.
होडी सोडताना ती पुन्हा वर बघते,
एखादा मागं राहिलेला असतो कधी कधी,
आणि अंधारात
चोचीचा रंग कुठं दिसतो.